इतर अधिकार

गेल्या फेब्रुवारीत काकांनी फॅमिली ग्रुपवर एक पीडीएफ टाकली आणि खाली लिहिलं, ‘सगळ्यांनी वाचून घ्या. रविवारी सह्या.’ मी तेव्हा ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी पकडायला पुलावरून पळत होतो. डोंबिवलीहून निघालेल्या माणसाला सकाळी पीडीएफ वाचायला हात मोकळा नसतो, त्यामुळे ती उघडली रात्री जेवताना. आमच्या गावच्या जमिनीच्या विक्रीचा मसुदा होता. एक हेक्टर बारा आर. काका, आत्या, आई, ताई आणि मी, अशी पाच नावं. बाबांच्या जागी आम्ही तिघं, कारण बाबा तीन वर्षांपूर्वी गेले.

घेणारी मंडळी ठाण्याची आहेत. त्यांना तिथे सेकंड होम्स बांधायची आहेत. भाव चांगला होता. माझ्या वाट्याला येणाऱ्या पैशात माझं निम्मं होम लोन फिटलं असतं. ताईचं बदलापूरच्या घराचं तर जवळजवळ सगळंच.

तरी मला पहिल्यांदा वाटलं ते ‘नाही’. गाव विकायचं? मी आईला म्हटलं, मी सही करणार नाही. आई म्हणाली, “का?” आणि मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या ‘का’चं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. ते अजून पूर्ण सापडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गावाचं नाव लिहीत नाही. व्यवहार मिटलेला नाही आणि गावात माणसं राहतात. एवढं सांगतो की ते मुरबाड तालुक्यात आहे. कल्याणहून एसटीत बसलं की शहाड, म्हारळ, मग रायत्याच्या पुलावर उल्हास नदी, मग मुरबाड. तिथून म्हशाच्या दिशेने. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी तिचं नाव लांबवर आहे. म्हशाच्या पुढे रस्ता डोंगराकडे जायला लागला की डावी-उजवीकडे भातखाचरं, मधूनमधून मोह आणि पळस, आणि समोर गोरखगडाचा सुळका. त्याच्या बाजूला मच्छिंद्रगड, पलीकडे सिद्धगड. २ जानेवारी १९४३ ला पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले ते त्या सिद्धगडाच्या जंगलात. मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडणारी कोतवालांची टोळी इथल्या गावांच्या आडोशाने राहिली होती. इथल्या घरांत दिवे यायला मात्र आणखी काही दशकं जावी लागली.

आमचं गाव म्हणजे पन्नासेक उंबरे आणि ओढ्यापलीकडे एक ठाकरवाडी. पावसाळ्यात ते इतकं सुंदर असतं की फोटोला फिल्टर लागत नाही. मी दरवर्षी ऑगस्टमध्ये जातो, दिवाळीनंतर एकदा, आणि मित्रांना घेऊन ट्रेकला एकदा. तीन फेऱ्या, फार तर चार. घरी आलो की फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘गाव’.

सही न करण्याचं माझं पहिलं कारण हे होतं. मला ते गाव आवडतं. ते तसंच राहावं असं मला वाटतं.

मग मी जरा हिशेब केला. मी तिथे मे महिन्यात कधी गेलोय? आठवून एकदाच सापडलं, आजीच्या वर्षश्राद्धाला, आणि त्याच संध्याकाळी परतलो होतो. मे महिन्यात तिथे हिरवं काही नसतं. राब भाजून काळी पडलेली खाचरं असतात. विहिरीवर रांग असते. ज्या गावावर माझं प्रेम आहे ते वर्षातले चारच महिने असतं. उरलेल्या आठ महिन्यांचं गाव मला माहीत नाही, आणि ते ‘तसंच’ राहावं असं तिथल्या कुणालाही वाटत नाही.

वाडीतला एक मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत लोडिंगला जातो. त्याला मी विचारलं, इथे बंगले झाले तर? तो म्हणाला, “चांगलंच ना. वॉचमन लागेल, माळी लागेल. मोटारसायकलचं पेट्रोल वाचेल माझं.” मला राग आला. माझ्या गावात हा वॉचमन होणार? पण मी स्वतः दिवसभर कुणाच्या तरी सर्व्हरवर पहारा देऊनच पगार घेतो. त्याने तेच काम डोंगराच्या पायथ्याशी केलं तर मला कशाचं दुःख? माझ्या चित्रातला एक माणूस जागचा हलतो, याचंच ना?

तेव्हा सौंदर्य हे कारण बाद. ज्याला तिथे राहायचं नाही, त्याला तिथल्या लोकांनी कसं राहावं हे ठरवायचा अधिकार नाही. इथपर्यंत आलो तेव्हा सही करायला हरकत नव्हती.

अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी.

आमची जमीन मामा कसतात. मामा म्हणजे नात्याने मामा नव्हेत. वाडीतले ठाकर, वय पंचावन्नच्या पुढे. बी-बियाणं त्यांचं, बैल त्यांचे, आता पॉवर टिलरचं भाडं त्यांचं, कष्ट त्यांचे. भात झोडलं की निम्मं आमचं. निम्म्यातलं आम्ही वर्षाचा तांदूळ ठेवतो, बाकीचा ते मुरबाडला घालतात आणि पैसे पाठवतात. कागद काही नाही. बाबा होते तोवर मामा मला ‘बाळा’ म्हणायचे. बाबा गेल्यावर पहिल्याच वर्षी हिशेब द्यायला आले तेव्हा म्हणाले, “शेट, मोजून घ्या.”

मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, मला शेट नका म्हणू. ते हसले आणि पुढच्या वाक्यात परत शेट म्हणाले.

हा शब्द आमच्या घरात आधी कुठे वापरला गेलाय, ते मला काकांकडून कळलं. माझे आजोबा हीच जमीन अर्धेलीने कसायचे. जमीन कल्याणच्या एका सावकाराची होती. झोडणी झाली की आजोबा बैलगाडी जुंपून निम्मं भात कल्याणला पोचवायचे, सावकाराच्या ओट्याखाली उभे राहायचे आणि म्हणायचे, “शेट, मोजून घ्या.”

मग कुळकायदा आला. मूळ कायदा १९४८ चा, पण खरा घाव घातला तो १९५६ च्या दुरुस्तीने. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी, काही अपवाद सोडले तर, जमीन कसणारं कूळ हे तिचं खरेदीदार मानलं गेलं. किंमत किती? जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत, हप्त्याहप्त्याने फेडायची. कायदा येणार याचा वास लागल्याबरोबर अनेक मालकांनी आपली कुळं आधीच हुसकावली होती. आजोबा वाचले. त्यांचं नाव सातबाऱ्यावर ‘कुळाचे नाव’ या रकान्यात लागलेलं होतं. त्या एका ओळीने त्यांना जमीन दिली. पुढे हप्ते फिटले, ३२ ‘म’चा दाखला आला. तो दाखला काकांनी लॅमिनेट करून ठेवलाय.

ठाणे जिल्ह्यात हे फुकट आलं नव्हतं. १९४५ पासून डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले. खाली अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी न पिकवता संप चालवला होता. ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य मी शाळेच्या पुस्तकात वाचलं तेव्हा ते मला परीक्षेत लिहायचं वाक्य वाटलं. ते माझ्या बाबांच्या शाळेच्या फीचं, आणि पर्यायाने माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीचं कारण आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता उलटा हिशेब लावा. शहरात बसलेला मालक, गावात राबणारा माणूस, अर्ध्या भाताची वाटणी, आणि ‘शेट, मोजून घ्या’. सगळं तसंच आहे. फक्त ओट्यावर आता मी आहे.

काका म्हणतात, तेव्हा कायदा होता, आता नाही. बरोबर आहे. पण आजोबांना जमीन मिळाली ती फक्त कायदा होता म्हणून योग्य होती का? मग कायदा येण्याआधीच्या दिवशी, ३१ मार्च १९५७ ला, सावकाराचं निम्मं भात घेणं योग्य होतं आणि दुसऱ्या दिवशी अयोग्य झालं? आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही. आमच्या घरात म्हणतात, ‘आपल्या घामाची जमीन होती, ती आपल्याला मिळाली.’ म्हणजे तत्त्व कायद्याच्या आधीचं आहे. आणि तत्त्व आधीचं असेल तर ते फक्त माझ्या आजोबांपुरतं कसं असेल?

इथे थोडं पुस्तकांकडे जातो. जॉन लॉक हा इंग्रज विचारवंत सतराव्या शतकाच्या शेवटी म्हणाला की माणूस आपले श्रम मातीत मिसळतो, म्हणून ती माती त्याची होते. १९७४ साली रॉबर्ट नोझिक या अमेरिकन प्राध्यापकाने त्याला विचारलं, मी टोमॅटोच्या रसाचा डबा समुद्रात ओतला आणि तो सगळीकडे मिसळला, तर समुद्र माझा होतो की माझा रस वाया जातो? प्रश्न गमतीचा आहे पण खोटा नाही. मी रोज नऊ तास एका कंपनीच्या कोडमध्ये श्रम मिसळतो. तो कोड माझा नाही. मी पगार घेतो आणि घरी येतो. नोकरी सोडली तर लॅपटॉप परत द्यावा लागतो. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्याने ‘लिहील त्याचा कोड’ म्हणायला नको का?

मला वाटतं फरक आहे. मला पगार ठरलेला आहे, कागदावर आहे, आणि प्रॉडक्ट बुडालं तर त्या महिन्याचा पगार निम्मा होत नाही. मामांचं तसं नाही. एका वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी कापून ठेवलेलं भात पावसात भिजलं, कोंब फुटले. सरकारी नुकसानभरपाई आली ती बाबांच्या खात्यात, कारण सातबाऱ्यावर नाव बाबांचं. बाबा सज्जन. त्यांनी मामांना बोलावून निम्मे पैसे दिले. तेव्हा मला ते औदार्य वाटलं होतं. आज वाटतं, बी मामांचं, टिलर मामांचा, कंबर मामांची. मग निम्मेच का?

आणि माझं काय? ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि आपलं पीक आपणच नोंदवायचं. मला अ‍ॅप आवडलं, धंद्याने तसा आहे मी. शेतात गेलो, मामा बांधावर उभे होते, मी त्यांनी लावलेल्या भाताचा फोटो काढला आणि माझ्या नावावर नोंदवून टाकला. दोन मिनिटांचं काम. रेंज नीट नव्हती म्हणून मामांनीच मला ओढ्याच्या वरच्या अंगाला नेलं, तिथे येते म्हणाले.

मामांचं नाव कुठेच का नाही, याचं उत्तर तालुक्यातला कुणीही देईल. ‘कूळ लागेल.’ या दोन शब्दांना आमच्याकडे सगळे घाबरतात. वाटेकऱ्याला पावती देऊ नये, कागद करू नये, दोन-चार वर्षांनी वाटेकरी बदलावा. ज्या कायद्याने आजोबांचं नाव लावून त्यांना उभं केलं, त्याच कायद्याच्या भीतीने नातवाने मामांचं नाव लागू दिलं नाही.

हे सगळं मी एका रविवारी काकांच्या घरी मांडलं. काका चिडले नाहीत. ते म्हणाले, “तुझ्या आजोबांनी हप्ते फेडले ते पोरांनी चिखलातून बाहेर पडावं म्हणून. आम्ही पडलो. आता तू म्हणतोस बाहेर पडलो हा गुन्हा?” यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. गुन्हा नाहीच तो. जो माणूस आयुष्यभर वाकून लावणी करतो त्याला आपल्या मुलाने वाकू नये असं वाटणं यात काही चूक नाही.

ताई जास्त सरळ बोलली. “तुला तत्त्वं परवडतात. माझा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. आणि मला गाव तरी कुठे मिळालं? सुट्टीत तू आजोबांबरोबर शेतावर, मी आजीबरोबर चुलीपाशी. आत्याला तर हक्कसोड पत्रावर सही कर म्हणून किती वर्षं सगळे मागे लागले होते. आता पहिल्यांदा आम्हाला काहीतरी मिळतंय, तर तुला न्याय आठवला.”

तिचं खरं आहे. एका अन्यायाकडे बघताना दुसऱ्याकडे पाठ होते. मामांना न्याय द्यायचा म्हणून मी ताईचा हिस्सा वाटून टाकू शकत नाही. दान करायचं तर माझ्याच हिश्श्यातून, आणि तेवढं मोठं माझं मन नाही. विनोबांनी १९५१ मध्ये पोचमपल्लीत भूदान सुरू केलं तेव्हा शंभर एकर देणारा एक जण गर्दीतून उभा राहिला. मी त्या गर्दीत असतो तर बसून राहिलो असतो.

शिवाय मी ज्या घरात बसून हे लिहितोय त्याच्याखाली काय होतं? डोंबिवली पूर्वेच्या पलीकडची २७ गावं २०१५ मध्ये महापालिकेत आली, २०२० मध्ये त्यातली १८ वगळायचा निर्णय झाला. कागदावर गाव, डोळ्यांना शहर. आमच्या इमारतीच्या जागी भाताची खाचरं होती असं सोसायटीसमोरचा इस्त्रीवाला सांगतो. ती कुणीतरी विकली म्हणून मला फ्लॅट मिळाला. आणि नळाला येणारं पाणी एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणाचं. ते धरण आमच्याच मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन घेऊन १९७० च्या दशकात उभं राहिलं. पुढे उंची वाढवली तेव्हा आणखी घरं उठली, आणि बाधित कुटुंबातल्या एकेकाला एमआयडीसीत किंवा पाणी घेणाऱ्या पालिकांत नोकरी द्यायचं ठरलं. त्या वेळी शहरातल्या एकालाही सही करायची की नाही असा प्रश्न पडला नव्हता. तो नळ उघडत होता. मीसुद्धा.

तर मी कुठल्या उंचीवरून बोलतोय? कुठल्याच नाही. पण आपले हात स्वच्छ नाहीत म्हणून समोरच्या गोष्टीत काहीच करायचं नाही, ही पळवाट आहे. मोठा प्रश्न सुटत नसेल तर निदान समोरचा लहान प्रश्न बघावा.

लहान प्रश्न मामांनीच दाखवला. मार्चमध्ये मी त्यांना विकण्याबद्दल सांगायला गेलो. वाटलं होतं, ते दुखावतील. ते म्हणाले, “सही करा शेट. माझं काय, दुसऱ्याच्या बांधावर जाईन. पन हिरीचं इचारून घ्या.”

आमच्या जमिनीच्या कोपऱ्यात उंबराखाली एक विहीर आहे. आजोबांनी खणलेली. गावातली सार्वजनिक विहीर मार्चअखेर तळाला जाते, तेव्हा सगळी वाडी आमच्या विहिरीवर येते. तिच्या शेजारून जंगलात जायची पायवाट आहे, तीच पुढे मसणवट्याला जाते. पन्नास-साठ वर्षं लोक येतायत. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी अडवलं नाही. विक्रीच्या मसुद्यात विहीर ‘जमिनीसह’ होती आणि पहिलं काम होतं कंपाउंड.

मी घेणाऱ्यांशी बोललो. वाईट माणसं नाहीत. त्यांनी लगेच सांगितलं, वाडीसाठी वेगळी बोअर मारून देऊ, टाकी बसवू, आमच्या खर्चाने. काका खूश. मलाही वाटलं, सुटलं. मामांना फोन केला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बोअर त्येंची, मोटर त्येंची, लाइटबिल त्येंचं. आज देतील.”

‘आज देतील’ या दोन शब्दांपाशी मला माझ्या ‘का’चा एक तुकडा सापडला. मेहरबानी आणि हक्क यांत फरक पाण्याचा नसतो. पाणी दोन्हीकडे तेवढंच येतं. फरक असतो तो मान खाली घालण्याचा. कल्याणचा सावकारही वाईट नव्हता म्हणे. दिवाळीला आजोबांना धोतर द्यायचा, आजारपणात पैसे द्यायचा. आजी सांगायची, कुळकायद्यानंतर आजोबा फक्त एकदा त्या घरी गेले, सावकार वारले तेव्हा, आणि ओट्यावर बसून आले. सत्तावन्न सालाने त्यांना जमीन दिली हे खरं, पण ती जागाही दिली, ओट्याखालून ओट्यावर. बाबांनी मामांना दिलेले निम्मे पैसे, मी दिवाळीला नेतो तो शर्टपीस, ही सगळी धोतरंच आहेत.

आमच्या टीमचा एक सहकारी स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातून काम करतो. कॉल सुरू होण्याआधी दोन मिनिटं असतात, त्यात मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे डोंगरच्या डोंगर एकेका मालकाचे असतात, पण चालणाऱ्याला अडवता येत नाही. मी नंतर वाचलं. तिथे २००३ चा जमीन सुधारणा कायदा आहे. घराचं अंगण, उभं पीक असे अपवाद सोडून खासगी जमिनीवरूनही जबाबदारीने जायचा हक्क सगळ्यांना आहे, आणि गावाला एकत्र येऊन जमीन विकत घ्यायची वाटही त्यात आहे. त्याच्याही आधी, १९९७ मध्ये, एग नावाच्या बेटावरच्या शंभराहून कमी लोकांनी वर्गणी जमवून आपलं बेट मालकाकडून विकत घेतलं. हे देश आपल्यापेक्षा श्रीमंत, माणसं कमी, तुलना फार ताणू नये. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे मालकी म्हणजे एकसंध दगड नाही. विकायचा हक्क एकाचा, चालायचा दुसऱ्याचा, पाण्याचा तिसऱ्याचा असू शकतो.

आणि हे आपल्याकडे नाही असं कुठे आहे? सातबारा काढून बघा. त्यात एक रकाना असतो, ‘इतर अधिकार’. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याचा रस्ता, हे तिथे लिहितात. मालकाच्या नावाशेजारी दुसऱ्याच्या हक्काला आपल्या जमीन महसुलाने कायमची जागा ठेवली आहे. आमच्या सातबाऱ्यावर तो रकाना जवळजवळ रिकामा आहे. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, वीस वर्षांची वहिवाट असली तर १८८२ च्या कायद्याखाली वाडीवाले रस्त्याचा हक्क कोर्टात मागू शकतील. किती वर्षं लागतील, विचारू नका. पण विकायच्या आधी मालकांनीच रजिस्टर दस्त करून पाण्याचा आणि वाटेचा हक्क लिहून दिला, तर उद्या जमीन कुणीही घेवो, तो हक्क जमिनीबरोबर जाईल.

मी काकांना सांगितलं, हे लिहून द्या, मी सही करतो.

घेणाऱ्यांनी भाव खाली आणला. बरोबरच आहे, आतून गावाची वाट जाणारी जमीन ब्रोशरमध्ये शोभत नाही. ताईने दोन आठवडे माझा फोन उचलला नाही. मग तिनेच मेसेज केला, ‘पाण्याचं ठीक आहे. पण कमी आलेले पैसे तुझ्या हिश्श्यातून जास्त कापा.’ मी हो म्हटलं. ते मला न्याय्य वाटलं, आणि दुखलंही. काका अजून नीट बोलत नाहीत. व्यवहार लांबलाय, कदाचित मोडेल. मोडला तर ताईचं लोन तसंच राहील आणि त्याला मी कारण असेन.

एक गंमत राहिली. कुळाच्या जमिनी विकायला पूर्वी परवानगी लागायची. २०१४ पासून, खरेदीच्या दाखल्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला की झालं. आमचा आकार सात रुपये चाळीस पैसे. गुणिले चाळीस, दोनशे शहाण्णव रुपये. आजोबांची अख्खी हयात आणि कृषक दिन एका पिझ्झाच्या भावात मोकळा होतो.

आता न सुटलेलं सांगतो. विहिरीचं मी लिहून देतोय. मामांचं नाही. तत्त्वाने जाऊ तर जमीन विकेपर्यंत तरी त्यांच्या कसण्याचा साधा कागद करायला हवा, आणि विकल्यावर त्यातला काही भाग त्यांचा म्हणून द्यायला हवा, शर्टपीस म्हणून नव्हे. मी एक मसुदा लिहिलासुद्धा आहे. तो माझ्या लॅपटॉपवर एप्रिलपासून पडून आहे. ‘कूळ लागेल’ हे दोन शब्द माझ्याही कानात बसलेत. बाकी सगळ्यावर माझं उत्तर तयार आहे, यावर नाही.

जुलैत लावणीला गेलो होतो. आवणाच्या मुठी फेकायच्या कामावर मला ठेवलं, कारण लावायला दिलं तर ओळ वाकडी जाते. दुपारी बांधावर भाकरी खाताना मामांना म्हटलं, विहिरीचं लिहून होतंय. ते म्हणाले, “बरं झालं.” मग जरा थांबून, “तेवढं झेरॉक्स आमच्याकडं एक द्या.”

सातबारा आता मोबाइलवर पंधरा रुपयांत निघतो, डिजिटल सहीसकट. तुमच्या घरात कुठेतरी एखादा असेलच. मालकाचं नाव तुम्हाला माहीत असतं, ते सोडा. खाली इतर अधिकाराचा रकाना बघा आणि तो रिकामा असेल तर आठवून बघा, तिथे कुणाचं नाव असायला हवं होतं.